नव्या अंगणवाडीताईसाठी: पोरांचं खेळणं आणि झोप

अगं, वजन-उंचीच्या नोंदी तू शिकशीलच. मी सांगते ते पोरांच्या दिवसाबद्दल. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली ६० मिनिटं दम लागेल अशी, आणि दुपारची धरून १० ते १३ तास झोप, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय. मोबाईल-टीव्ही तासाच्या आतच.

साताऱ्यात चढाला तोटा नाही. आयांना सांग, चार भिंती स्मारकाच्या टेकडीकडं जाताना पोराला चालू दे, लगेच कडेवर नको. उशिरापर्यंत मालिका चालू असलेल्या घरातलं लेकरू सकाळी पेंगतं आणि खेळायलाच उठत नाही, हे तुला आठवड्यात कळेल.

एक मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. खेळून पोराची छाती धडधडणारच, ती थोड्या वेळात शांत होते. पण पळताना ओठ-नखं निळसर पडत असतील, पोरगं मध्येच उकिडवं बसत असेल, वजन वाढत नसेल, तर हृदयात जन्मजात दोष असू शकतो, थांबू नकोस. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पोरं तपासणारं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्याची वाट न बघता आईला घेऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठ. जन्मजात हृदयदोषाचे उपचार या कार्यक्रमात मोफत होतात, हेही तिला आधीच सांग. खर्चाच्या धास्तीनं घरचे टाळतात.