नवोदयला निघालीस? आधी मेट्रनबाईंशी गट्टी कर

नवोदयला, म्हणजे सरकारी निवासी शाळेत, सहावीत नंबर लागला, अभिनंदन! पेटी, कुलूप, बादली यांची यादी शाळा देईलच, त्यात मी पडत नाही. माझं सांगणं एवढंच, पहिल्याच आठवड्यात वसतिगृहातल्या मेट्रनबाईंशी गट्टी कर. हाउस (राहण्याचा गट) अरवली मिळो की निलगिरी, हाउसच्या मॅडमना शिकवायचंही असतं. दुखलंखुपलं बघायला असतात त्या मेट्रनबाई.

आमच्या बाई रविवारी सकाळी व्हरांड्यात सतरंजी टाकून बसायच्या. शेजारी खोबरेल तेलाची बाटली, हातात बारीक दातांची फणी. नव्या मुलीला पुढ्यात बसवून उवा काढता काढता अशा गप्पा मारायच्या, की घरी कोण आठवतंय, कुठली भाजी नावडते, सगळं पोरगी आपसूक सांगून मोकळी व्हायची. ओरडायच्याही, ओले कपडे खाटेवर दिसले की खास ठेवणीतलं! पण कुणाला ताप आला की मेसमधून मऊ भात स्वतः आणायच्या आणि ताट रिकामं होईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

तेव्हा रडू आलं तर पांघरुणात तोंड खुपसू नकोस, त्यांचं दार वाजव. पोट दुखतंय, पाळी आली, कुणी त्रास देतंय, हे घरच्या फोनसाठी साठवून ठेवू नकोस. (आई तिकडे रात्रभर जागी राहणार आणि औषध इकडे बाईंच्या कपाटात!)

नववीत मायग्रेशनला, म्हणजे वर्षभर दुसऱ्या नवोदयात शिकायला, हिंदी भागात जावं लागलं, तर तिथेही हेच कर. मोडकंतोडकं हिंदी खुशाल चालतं.