जपानी माणूस कुठला खेळ बघतो?

तुम्ही विचारलंय की जपानमध्ये सुमोसारखे पारंपरिक खेळ अजून चालतात, की सगळे परदेशी खेळांच्या नादी लागलेत. नोकरीमुळे मी तीन वर्षं तोक्योत होतो, त्या अनुभवावरून सांगतो.

गर्दी बेसबॉलला. 1872 च्या सुमारास होरेस विल्सन या अमेरिकी शिक्षकाने तो तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवला, पण आज त्याला कुणी परका मानत नाही. नावही त्यांचं स्वतःचं, 'याक्यू'. आपल्याकडचं क्रिकेटच समजा.

त्यातही खरा जीव ऑगस्टमधल्या कोशिएनमध्ये, म्हणजे शाळकरी पोरांच्या स्पर्धेत. 49 संघ, एकदा हरलात की घरी. हरलेली पोरं गुडघ्यांवर बसून, रडत रडत, मैदानातली काळी माती आठवण म्हणून पिशवीत भरून नेतात. पहिल्यांदा टीव्हीवर पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणाचं काहीतरी पडलंय आणि सगळे मिळून शोधतायत! या खेळाडूंची डोकी पूर्वी बहुधा तासलेली असत. 2023 मध्ये केस राखलेल्या केइओ शाळेच्या मुलांनी स्पर्धा मारली, तर खेळाइतकीच चर्चा केसांची.

सुमोच्या वर्षाला 6 स्पर्धा, प्रत्येकी 15 दिवसांच्या. मीठ उधळणं, रोखून बघणं, परत उठणं यात चार मिनिटं जातात आणि कुस्ती दहा सेकंदांत निकाली. पण ऑफिसातल्या तरुणांकडे विषय काढला की ठरलेलं उत्तर, "आमचे आजोबा बघतात." आणि या अस्सल देशी खेळात विक्रमी 45 स्पर्धा जिंकणारा हाकुहो जन्माने मंगोलियाचा!

ज्युदो आणि केंदो (बांबूच्या तलवारीची लढत) शाळेत शिकवतात. फुटबॉल 1993 मध्ये जे-लीग ही व्यावसायिक स्पर्धा आल्यापासून जोरात आहे.

मला स्वतःला मात्र हाकोने एकिदेन या लांब पल्ल्याच्या रिले शर्यतीने वेड लावलं. धड देशी नाही, धड परदेशी नाही. 2 आणि 3 जानेवारीला विद्यापीठांचे संघ तोक्यो ते हाकोने आणि परत, सुमारे 217 किलोमीटर धावतात. संघात दहा जण, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण वीस किलोमीटर. खांद्यावरून तिरका घातलेला पट्टा, 'तासुकी', पुढच्याच्या हातात द्यायचा. पण संघ फारच मागे पडला तर पुढच्याला वाट न बघता दुसरा पट्टा घालून सोडतात. मागचा गडी जीव तोडून येतो तेव्हा समोर घ्यायला कुणी नसतं. तो तिथेच कोसळतो, घामाने भिजलेला पट्टा मुठीत तसाच.