मुलाच्या शर्टाला सिगरेटचा वास येतो

प्रश्न : ताई, मुलगा 13 वर्षांचा आहे. परवा त्याच्या शर्टाला सिगरेटचा वास आला, विचारलं तर म्हणे मित्र ओढत होते, मी नाही. मिस्टर स्वतः गॅलरीत जाऊन ओढतात, त्यामुळे ते गप्पच. म्हणतात मी कुठल्या तोंडाने सांगू? काय करू?

उत्तर : आधी त्याची उलटतपासणी बंद करा. नुसतं बाजूला उभं राहिलं तरी कपड्यांना वास लागतो, त्यामुळे तो खरं बोलत असेलही. आणि नसेल, तरी आरडाओरडा केलात तर पुढच्या वेळी शर्ट बदलून घरी येईल, बाकी काही नाही.

कॅन्सरचे फोटो वगैरे दाखवून या वयात फारसं काही होत नाही, पन्नाशीत काय होईल याच्याशी त्याला काय देणंघेणं! त्यापेक्षा आत्ताचं बोला, म्हणजे धावताना दम लागतो, तोंडाला वास येतो, आणि मुख्य म्हणजे निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते म्हणून या वयात सवय पटकन धरते, रोज ओढत नसला तरी तलफ यायला लागू शकते. व्हेपमध्येही, म्हणजे ई-सिगरेटमध्येही, बहुतेक वेळा निकोटीनच असतं, ते 'नुसती वाफ' वगैरे काही नाही. मोठेपणी ओढणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पहिली सिगरेट 18 च्या आतच ओढलेली असते, म्हणून ही पाच वर्षं महत्त्वाची.

खरी पंचाईत होते ती मित्राने सिगरेट पुढे केल्यावर. तेव्हा काय बोलायचं हे घरीच ठरवून ठेवा. 'नको रे, आई घरी गेल्या गेल्या शर्ट हुंगते' असं खुशाल तुमच्यावर ढकलू दे, बिल तुमच्या नावावर फाडलं की त्याची मित्रांत पत राहते.

आता मिस्टर. ओढणाऱ्या आईबापांची मुलं सिगरेटकडे जास्त वळतात, त्यामुळे त्यांनी सोडणं सगळ्यात उत्तम. पण सोडेपर्यंत तोंड बंद ठेवायची गरज नाही, उलट त्यांच्याइतकं खरं कोण सांगणार? 'मला सोडायचीय, सुटत नाही, सकाळी उठल्यावर पहिली तीच आठवते' एवढं त्यांनी मुलाशी बोलावं, लेक्चर न देता. पाकीट-लायटर घरात पडू देऊ नका आणि मुलाला ते आणायला तर कधीच पाठवू नका.

आणि ओढली असं त्याने कबूल केलंच तर शिक्षा नको, कोणाबरोबर, कधी, परत ओढावीशी वाटते का ते शांतपणे विचारा. वाटते म्हणाला तर डॉक्टरांकडे न्या, आणि जाताना मिस्टरांनाही बरोबर घ्या.