चौतिसाव्या वर्षी एडीएचडीचे (अवधान-अभाव आणि अतिचंचलता विकाराचे) निदान झाले आहे. हा विकार मोठेपणी होतो का, आणि गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात का?

आपण प्रश्नाखाली लिहिले आहे की आपले थोरले बंधू या निदानाला ‘आळसाचे इंग्रजी नाव’ म्हणतात. त्या एका वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसलो, हे आधीच कबूल करतो.

पहिल्या भागाचे उत्तर लहान आहे. हा विकार मोठेपणी जडत नाही, मोठेपणी ओळखला जातो. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात (आधीच्या आवृत्तीत ही अट सात वर्षांची होती), आणि मुलांमध्ये जिथे सहा लक्षणे लागतात तिथे सतरा किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीत पाच पुरतात. वयाबरोबर चुळबुळ ओसरते, त्यामुळे घरच्यांना मुलगा सुधारल्यासारखा वाटतो. मागे राहतात ते विसराळूपणा, वेळेचा चुकणारा अंदाज आणि काम समोर दिसत असूनही त्याला हात न लागणे.

मलाही हाच विकार आहे. मी तालुक्याच्या गावी कर सल्लागार आहे. आई आधीच गेली होती आणि जून २०२१ मध्ये वडील गेले. वारस नोंदीचा अर्ज देण्याचे काम माझ्याकडे आले, कारण दादा पुण्याला असतो आणि तलाठी कार्यालय माझ्या रोजच्या वाटेवर आहे. वारसाने तीन महिन्यांत कळवायचे असते, हे मला तोंडपाठ होते, किंबहुना पक्षकारांना मीच ते बजावतो. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि वारसांचे घोषणापत्र मी निळ्या फोल्डरमध्ये घालून स्कूटरच्या डिकीत ठेवले, आणि ते चौदा महिने तिथेच राहिले. रोज सकाळी कार्यालयाचे फाटक दिसले की आठवण होई, परतताना थांबू असे मी ठरवी, आणि परतताना ते फाटक मला दिसतच नसे. दोन पावसाळ्यांत दाखल्यावरचा शिक्का पसरून जांभळा डाग झाला.

याच काळात, ३१ जुलै २०२२ च्या रात्री, मुदतवाढ मिळणार नाही हे स्पष्ट झाल्यावर, मी एका बैठकीत एकोणीस विवरणपत्रे भरली आणि एकातही चूक निघाली नाही. महिन्याभराने गणपतीला दादा आला, पाना शोधायला त्याने डिकी उघडली आणि फोल्डर त्याच्या हाती लागले. तो म्हणाला, “लोकांची कामे रात्रीतून होतात, मग घरचेच काम कसे राहते? जमिनीचे तुझ्या मनात काय आहे, ते एकदाच सांगून टाक.” त्यानंतर आम्ही तीन महिने बोललो नाही.

दादाला जो लबाडीचा पुरावा वाटला, तेच या विकाराचे लक्षण आहे. अवधान नसते असे नाही, ते हवे तिथे वळवता येत नाही. मुदत मानगुटीवर बसली, समोर पक्षकार ताटकळला, की माझा मेंदू जागा होतो. ज्या कामाचा तगादा लावणारे कोणी नाही आणि ज्याचे फळ लांब आहे, ते कितीही जिव्हाळ्याचे असले तरी पडून राहते. ‘वही करत जा’ असे सांगणाऱ्यांसाठी माझ्याकडे जानेवारीच्या पुढे कोऱ्या असलेल्या अकरा डायऱ्या आहेत.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या मानसोपचारतज्ज्ञांनी लहानपण पाहिलेला माणूस मागितला. असा माणूस एकच उरला होता. डॉक्टरांनी स्पीकरवर फोन लावला आणि दादाने वीस मिनिटे मनातले सगळे बाहेर काढले: एका पावसाळ्यात हरवलेल्या तीन छत्र्या, विहिरीवरची मोटार बंद करायला पाठवले असता वाटेत विटीदांडू खेळत बसल्याने शेजाऱ्याच्या भुईमुगात रात्रभर गेलेले पाणी, चौथीच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेत न उलटलेले शेवटचे पान. शेवटी तो म्हणाला, “हा जन्मापासून असाच आहे डॉक्टर, यात आजार कसला?” डॉक्टर शांतपणे लिहून घेत होते. माझ्यावरच्या आरोपपत्रातूनच माझे निदान पक्के झाले, हे दादाला आजही पटत नाही. तो त्याला स्वभाव म्हणतो. स्वभावच म्हणायचा तर जुळ्यांच्या अभ्यासांत या विकाराची आनुवंशिकता सुमारे ७० ते ८० टक्के आढळली आहे, आणि वडिलांनी दुरुस्तीला उघडलेले दोन रेडिओ अजून आमच्या माळ्यावर तसेच पडून आहेत, एवढे मी त्याच्या कानावर घातले आहे.

गोळ्यांविषयी थोडक्यात सांगतो. मिथाइलफेनिडेट हे या विकारावरचे औषध भारतात परिशिष्ट एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येते, म्हणून चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो, आणि लहान गावात ते ठेवणारे दुकान सहसा सापडत नाही. मी ॲटोमॉक्सेटीन हे दुसरे औषध घेतो. त्याचा गुण यायला काही आठवडे लागले. गोळीने डोक्यातला गलबला कमी होतो, पण कोणते काम आधी करायचे हे ती सांगत नाही. विकार जन्माचा असला तरी गोळी जन्मभराची असतेच असे नाही. रक्तदाब, नाडी, झोप पाहून डॉक्टर वेळोवेळी फेरविचार करतात.

हे आधी लिहायला हवे होते: थायरॉइड, झोपेत श्वास अडकणे, नैराश्य आणि चिंताविकार यांतही लक्ष असेच उडते. त्यामुळे मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून किंवा माझी हकिकत स्वतःशी जुळते म्हणून कोणी निदान करून घेऊ नये. आपले निदान तपासणीनंतर झाले असेल, तर पुढच्या भेटीला बंधूंना सोबत न्या, त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना पोटभर तक्रार करू द्या.

माझा अर्ज शेवटी पत्नीने मार्गी लावला, म्हणजे ती स्कूटरवर मागे बसली आणि फाटकापाशी तिने मला थांबवले. दाखला नव्याने काढलेला होता. अर्ज द्यायला दहा मिनिटे लागली. मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केल्याचे कळवले, तेव्हा दादाने फोनवर एवढेच विचारले की गट क्रमांक बरोबर लागला आहे ना. तो बरोबर लागला होता.