ससा कालपासून खात नाही, लेंड्या पण बंद आहेत. घरी काय करावं?

घरी थांबू नका. 10-12 तास खाणं आणि लेंड्या बंद म्हणजे आतडं मंदावलंय, सशासाठी ही इमर्जन्सीच. सशाला उलटी होत नाही, गॅस आतच साचतो. पोट ढोलासारखं टणक लागलं तर तोंडातून काहीही देऊ नका, तसंच उचलून पशुवैद्याकडे न्या. परभणी किंवा उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर तिथं. कान गार लागत असतील तर फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा. माणसांचं अमॉक्सिसिलिन चुकूनही पाजू नका. पोटातले चांगले जंतू मरून ससा दगावतो.

मूळ दुखणं बहुतेकदा खाण्यात असतं. बिस्किट, पोळी, गाजराचे ढीग बंद. रोजच्या खाण्यात 80 टक्के वाळलेलं गवत हवं: मारवेल, हरळी. लसूणघास मोठ्या सशाला चिमूटभरच, त्यात कॅल्शियम फार. कोवळी ज्वारी नकोच, विषारी असते. आपल्याकडच्या मे महिन्यात बाटलीपेक्षा जड वाडग्यात पाणी ठेवा, ससे त्यातून जास्त पितात. लेंड्या केसाने माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या की रोज विंचरा. द्राक्षाच्या घोसासारख्या मऊ, चकचकीत लेंड्या ससा स्वतः खातो, ती हगवण नव्हे. त्या तशाच पडून राहिल्या तर मात्र खुराक, म्हणजे दाणे-गोळ्या, कमी करा; गवत नव्हे.