फक्त चेन बदलून बारा हजार वाचतात का?

प्रश्न: सोलापुरात नवी पेठेत टॉवेल-चादरींचं दुकान आहे. 2014 ची डिझेल स्विफ्ट 1,42,000 किमी चाललीय. बार्शी, तुळजापूर, अक्कलकोटच्या फेऱ्या याच गाडीने होतात. सकाळी गार इंजिन चालू केलं की दोन-तीन सेकंद खडखड होते. एका गॅरेजने इंजिनातली टायमिंग चेन, टेन्शनर, दोन्ही गाइड, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), ऑइल असं सगळं धरून 29,500 सांगितले. त्यात मजुरी 12,500. दुसरा म्हणतो फक्त चेन टाकू, 17,500 मध्ये होईल. त्याची मजुरी 11,000. जुन्या गाड्यांचा व्यापारी आवाजासकट 1,95,000 देतोय, आवाज नसेल तर 2,40,000. एफडी मोडू, भिशी उचलू, की गाडी देऊन नवी घेऊ?

उत्तर: गाडी ठेवा आणि काम पूर्ण करून घ्या. फक्त त्याआधी इंजिनाची तपासणी करा, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे.

गार इंजिनातली खडखड बहुतेक वेळा टेन्शनरची असते. चेन ताणून धरणारा हा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दाब तयार होईपर्यंत चेन सैल राहते आणि तिला वळण देणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर, म्हणजे गाइडवर आपटते. ऑइल बदलायला उशीर झाला की गाळ साचतो आणि टेन्शनरची बारीक वाट तुंबते. पण असाच आवाज बाहेरच्या बेल्टच्या पुलीचाही येऊ शकतो. म्हणून मिस्त्रीला तो बेल्ट काढून गार इंजिन मिनिटभर चालवायला सांगा. आवाज गेला तर खर्च फारच थोडा. राहिला तर स्कॅनर लावून कॅम (वाल्व उघडणारा दांडा) आणि क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) यांचा मेळ चुकल्याचा कोड आहे का ते पाहा आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. एखादा सिलिंडर बराच मागे असेल किंवा टर्बो ऑइल पीत असेल, तर या इंजिनावर एक रुपया घालू नका. 1,95,000 ला द्या.

कॉम्प्रेशन सारखं निघालं तर मात्र विकायची असली तरी दुरुस्तीच फायद्याची. 29,500 घातले की व्यापाऱ्याच्याच भावाने 45,000 वाढतात. नवी गाडी घ्यायची म्हटलं, तर 7 लाखांच्या कर्जाला 9 टक्क्यांनी पाच वर्षं महिना साधारण 14,530 चा हप्ता बसेल. म्हणजे दोन हप्त्यांच्या पैशात हे काम उरकतं.

आता ‘फक्त चेन’बद्दल. या कामात मोठी रक्कम जाते ती इंजिन समोरून उघडण्यात. चेन नवी आणि गाइड जुना ठेवला, तर उष्णतेने ठिसूळ झालेलं ते प्लास्टिक आज ना उद्या तुटणार. तुकडे संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) पडून ऑइलच्या जाळीत अडकतात, दाब उतरतो आणि बेअरिंग जातात. चेनने दात सोडला तर वाल्व पिस्टनवर आपटतात. मग इंजिनाचा वरचा भाग, हेड, उतरवावा लागतो आणि आजच्या बिलाच्या कितीतरी पट खर्च येतो. इतकं टोकाला गेलं नाही तरी तीच 11,000 मजुरी पुन्हा द्यावी लागेल, वर पार्ट वेगळे. वाचलेले बारा हजार तिथेच संपले.

काम देताना बोलून घ्या: क्रँक आणि कॅम पिन लावून लॉक करायचे, खुणेवर अंदाजाने बसवायचं नाही. क्रँकचा बोल्ट आणि सील नवं. संप उतरवून जाळी साफ करायची. सगळं बसल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पिन परत बसते का पाहायचं, मगच स्टार्टर. जुने पार्ट मागून घ्या. चेन जिथे घासते तिथे गाइडवर खोल चर पडलेला दिसेल. नवा शेजारी धरला की फरक लगेच कळतो. तोपर्यंत पुण्याची खेप नको, आणि गरम इंजिनातही आवाज टिकला तर गाडी टो करूनच न्या. विम्याच्या आशेवर राहू नका, झिजेचा खर्च मोटार विम्यात येत नाही.

पैसे कुठून? भिशी लिलावाची असेल तर आत्ता उचलू नका. तीस हजारांच्या गरजेपायी मोठ्या रकमेवर घट सोसायची, हा तोट्याचा सौदा. क्रेडिट कार्डच्या हप्त्यांत 30,000 वर 16 टक्क्यांनी वर्षात सुमारे 2,660 व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी, शिवाय प्रोसेसिंग फी. एफडी मोडली तर दंड कापून व्याज मिळतं. त्यापेक्षा एफडी तारण ठेवून कर्ज घ्या. दर साधारण एफडीच्या दरावर एक-दोन टक्के. सहा महिन्यांत समान हप्त्यांनी फेडलं तर सात-आठशे रुपयांत भागतं आणि ठेव जागची हलत नाही. एफडी पाच वर्षांची करबचतीची असेल तर ती तारण चालत नाही, एवढं बँकेत आधी विचारा.

पुढे दर 10,000 किमीला किंवा वर्षाला ऑइल बदलायचंच. त्यासाठी दुकानाच्या हिशेबात दरमहा पाचशे बाजूला टाका. बिलावर पार्टचे नंबर आणि मजुरीची हमी लिहून घ्या. पुढे गाडी विकताना ते बिल गिऱ्हाइकापुढे ठेवता येईल.