सगळे मँगाबी एकाच प्रजातीतले का नाहीत?

प्रश्न : जुन्या पुस्तकात सगळी मँगाबी माकडे ‘सर्कोसिबस’ या एकाच प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) आहेत, नव्यात मात्र तीन प्रजाती दिल्या आहेत. बरोबर कोणते? छायाचित्रावरून फरक ओळखता येतो का?

उत्तर : नवे पुस्तक बरोबर आहे. लांब शेपटी, सडपातळ बांधा आणि डोळ्यांखाली कवटीत खोल खळगे, एवढ्या साम्यावर आफ्रिकेच्या जंगलातली ही माकडे एकत्र टाकली गेली होती. प्राणिशास्त्रज्ञ कॉलिन ग्रोव्ह्ज यांनी १९७८ मध्ये ती ‘सर्कोसिबस’ आणि ‘लोफोसिबस’ अशी वेगळी केली. पुढे जनुकांनीही तेच दाखवले: सर्कोसिबसचे जवळचे नातलग मँड्रिल आणि ड्रिल, तर लोफोसिबसचे बबून आणि जेलाडा (ही सगळी आफ्रिकेतलीच माकडे). म्हणजे लोफोसिबस दुसऱ्या मँगाबीपेक्षा बबूनला जवळचा! ‘मँगाबी’ हे नाव नाते सांगत नाही, हे एकदा लक्षात घेतले की गोंधळ बराच मिटतो.

हाडांतही याचा पुरावा आहे आणि तो फार सुंदर आहे. सर्कोसिबस बहुतेक वेळ जमिनीवर पालापाचोळा उपसून कडक कवचाच्या बिया शोधतो. म्हणून त्याच्या उपदाढा मोठ्या, तर खांद्याची आणि दंडाची हाडे उकरण्याच्या कामाला साजेशी असतात. मँड्रिलमध्येही हेच दिसते. लोफोसिबस मात्र झाडांच्या शेंड्यांतच राहतो.

छायाचित्रात आधी पापण्या पाहा. फिकट, पांढुरक्या असतील तर सर्कोसिबस. काळ्या असतील आणि अंग काळपट असेल तर लोफोसिबस. डोक्यावर तुरा दिसला म्हणून लगेच लोफोसिबस ठरवू नका, कारण केनियातल्या टाना नदीकाठच्या सर्कोसिबसच्या डोक्यावरही केसांचा झुपका असतो. पापण्या काळ्या, पण अंग तपकिरी, केस लांब आणि पोट पांढुरके असेल तर तो टांझानियातला किपुंजी. २००५ मध्ये त्याचे वर्णन लोफोसिबस म्हणून झाले होते. प्रत्यक्ष नमुना तपासल्यावर २००६ मध्ये त्याच्यासाठी ‘रुंगवेसिबस’ ही तिसरी प्रजाती केली गेली.

प्रश्न : जातींची संख्या प्रत्येक यादीत वेगळी का?

उत्तर : करड्या गालाच्या लोफोसिबसला कुणी एकच जात मानून उपजाती करतात, कुणी त्याच्याच चार जाती करतात. पश्चिम आफ्रिकेतल्या पांढऱ्या मानेच्या सर्कोसिबसचेही तसेच. नोंद करताना नावासोबत ठिकाण जरूर लिहा. पुढे नाव बदलले तरी नोंद वाया जात नाही.